रूळ गेले भंगारात, आता खालची जमीनही जाणार का?

मंडळी, आज जरा लांबलचक लिहितोय. शेवटपर्यंत वाचा आणि मग शिव्या द्यायच्या तर खुशाल द्या.

आपल्या जिल्ह्यात नव्या रेल्वेची नुसती बातमी आली तरी चौकात फ्लेक्स लागतात. १७ सप्टेंबर २०२५ ला नगर-बीड गाडी सुटली, त्याच महिन्यात राहुरी-शनिशिंगणापूर मार्गाला मंजुरी मिळाली, पेढे वाटले गेले. बेलापूर-परळी मार्गाच्या निवेदनांचा तर आता वेगळा खंड छापावा लागेल. नवी रेल्वे हवीच, त्याबद्दल वाद नाही. मी स्वतः त्या निवेदनांच्या बातम्या वीस वर्षं लावतोय.

पण एक प्रश्न कुणीच विचारत नाही. या जिल्ह्यात जी रेल्वे होती आणि बंद झाली, तिच्या जमिनीचं काय झालं?

"कुठली रेल्वे?" असं विचारणारे तरुण खूप भेटतात. त्यांचा दोष नाही, त्यांना कुणी सांगितलंच नाही. सांगतो.

दौंड-मनमाड लाइन सगळ्यांना माहीत आहे. १८७८ मध्ये ती सुरू झाली. त्याआधीच्या दोन वर्षांत दख्खनमध्ये भीषण दुष्काळ होता आणि या लाइनच्या मातीकामावर दुष्काळी मजूर होते. उपाशी माणसांनी टोपलीनं माती वाहून घातलेला हा भराव आहे, एवढं लक्षात ठेवा. पुढे प्रवरेला कालवे आले आणि श्रीरामपूरच्या बाजूला (तेव्हा श्रीरामपूर नव्हतंच, स्टेशन बेलापूर, आणि स्टेशनाचं नाव आजही तेच) साखर कंपन्या आल्या. हरेगावला मुंबईच्या ब्रॅडी मंडळींच्या कारभाराखालची बेलापूर कंपनी आली. टिळकनगरला डहाणूकरांचा महाराष्ट्र शुगर आला. कोपरगावच्या बाजूला साकरवाडी-लक्ष्मीवाडीला सोमैयांचे कारखाने आले. हजारो एकर जमीन शेतकऱ्यांकडून खंडानं घेतली गेली. तेच आपले खंडकरी.

या खासगी मळ्यांचा काळ म्हणजे उसाच्या रेल्वेचा काळ. हरेगावला, तिकडे इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला, मालेगावजवळ रावळगावला शेतातून अरुंद रुळांच्या लाइनी टाकल्या होत्या. छोटं इंजिन, मागे उसानं भरलेल्या वाघिणी. फडातून थेट गव्हाणीपर्यंत. आज आपण दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरमागे हॉर्न वाजवत अर्धा तास रांगतो ना, तो त्रास त्या काळात रस्त्यावर नव्हताच.

मग ती गेली का? "जुनं होतं, गेलं," असं म्हणून मोकळं होऊ नका. कारण नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यातच आहे.

रूळ टाकायला सलग जमीन लागते. कंपनीकडे ती होती. एकाच मालकाच्या ताब्यात इकडच्या शिवारापासून तिकडच्या शिवारापर्यंत. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरचा सहकारी कारखाना गाळपाला उभा राहिला आणि चित्र बदललं. सहकारात ऊस हजारो सभासदांचा, कुणाचा दोन एकर, कुणाचा पाच, दहा दिशांना विखुरलेला. तिथे रूळ टाकणार कुठून कुठे? तिथे बैलगाडीच लागणार, ट्रकच लागणार. मग १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा आला, कंपन्यांची शेती गेली, १९६३ मध्ये शेती महामंडळ झालं. कारखाना एकाचा आणि शेत दुसऱ्याचं झाल्यावर त्या दोघांना जोडणाऱ्या रुळांना वाली कोण? कोणीच नाही.

हे सगळं चांगल्यासाठीच झालं. सहकार आला, कंपनीची मक्तेदारी गेली. मी काही कंपनीच्या राज्याची आरती ओवाळत नाहीये. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांची नातवंडं अर्ज करकरून म्हातारी झाली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माझं म्हणणं एवढंच, की रेल्वे बंद झाली तेव्हा लोखंडाचा लिलाव कुणीतरी केला, पण खालच्या सलग पट्टीचा हिशोब कुणीच मांडला नाही.

आणि खरी किंमत त्या पट्टीची आहे.

गेली सहा-सात वर्षं सुट्टीच्या दिवशी मी अशा मार्गांवरून पायी फिरतो. श्रीरामपूर, राहाता, कोपरगावच्या शिवारात बरंच फिरलो, बाहेरच्या जिल्ह्यांतही गेलो. घरचे म्हणतात याला वेड लागलंय. दुचाकीवरून ही पट्टी दिसत नाही, पायी गेलं की दिसते. शेताचे बांध नागमोडी असतात, ओढ्याच्या कलानं जातात. मधेच एक पट्टी अशी येते की ती बांधाला जुमानत नाही, सरळ जाते, आणि वळली तरी एकदम वळत नाही, लांबून हळूहळू वळते. चढ असला तर पायांना कळत नाही, इतका सावकाश असतो. सखल जागी भराव, उंचवट्यावर खोदाई. ओढ्यावर घडीव दगडाची छोटी मोरी, तिच्यावरून आता कुठलाच रस्ता जात नाही. काळी खडी मातीत मुरलेली. वर वेडी बाभळ. एखाद्या गोठ्याला खांब म्हणून उभा केलेला रुळाचा तुकडा दिसला की समजायचं, बरोबर चाललोय.

आणि मग अचानक पट्टी संपते. पुढे तारेचं कुंपण, आत चुन्यानं आखलेले प्लॉट आणि कमानीवर कुठल्यातरी देवाच्या नावाची 'नगरी'. तीन-चारशे पावलांनंतर पलीकडे भराव पुन्हा सुरू. म्हणजे साखळीतली एक कडी काढून नेली. बाकीची साखळी राहिली काय अन् न राहिली काय, सारखंच.

मी यातल्या एका तुकड्याबद्दल माहिती मागायला एका कार्यालयात गेलो. ते म्हणाले आमच्याकडे नोंद नाही, पलीकडे विचारा. पलीकडचे म्हणाले, मूळ मालकाकडे विचारा. मूळ मालक कोण, तर ते पहिल्या कार्यालयात कळेल! लेखी अर्ज केला तर महिन्यानं एका ओळीचं उत्तर आलं, "सदर माहिती उपलब्ध नाही." ज्या जमिनीची माहिती सरकारदरबारी उपलब्ध नाही, ती जमीन कुणाला तरी मात्र बरोबर उपलब्ध होते. ही जादू आपल्या तालुक्यांत नवी नाही.

आता आकड्यांकडे येऊ, कारण "जुन्या मातीत काय ठेवलंय" असं म्हणणाऱ्यांना भावनेपेक्षा आकडे बरे पडतात.

नगर-बीड-परळी मार्ग २६१ किलोमीटरचा. मंजुरी १९९५-९६ ची. आष्टीपर्यंत गाडी पोचली सप्टेंबर २०२२ मध्ये, बीडला सप्टेंबर २०२५ मध्ये. तीस वर्षं! ज्यांनी मोर्चे काढले त्यातले कितीतरी जण गाडीत बसायला उरले नाहीत. काही शे कोटींचा प्रकल्प ४,८०० कोटींच्या वर गेला. उशीर का झाला? निधी, आणि भूसंपादन. राहुरी-शनिशिंगणापूर मार्ग जेमतेम २२ किलोमीटरचा, खर्च ४९४ कोटींच्या घरात, म्हणजे किलोमीटरला २२ कोटींहून जास्त. यात पूल आले, रूळ आले, विजेच्या तारा आल्या, सगळं मान्य. पण कुठल्याही तहसीलदाराला विचारा, सगळ्यात अवघड काम कोणतं? सलग जमीन मिळवणं. एका गटाचा वारस कोर्टात गेला की काम अडलंच.

म्हणजे एकीकडे सलग पट्टीसाठी आपण तीस-तीस वर्षं झगडतो, आणि दुसरीकडे आयती असलेली सलग पट्टी तुकड्या-तुकड्यानं घशात जाताना बघत बसतो. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

लगेच कुणीतरी म्हणेल, "साहेब, उसाच्या त्या खेळण्यातल्या लाइनीवर आता वंदे भारत धावणार आहे का?" नाही धावणार. ती पट्टी अरुंद आहे, मोठ्या रेल्वेसाठी ती नाहीच. पण चालायला, सायकलला, शाळेच्या पोरांना, पाइपलाइनला, केबलला, पाणंद रस्त्याला ती पुरून उरते. चालायला जागा हा आपल्याकडे चैनीचा विषय वाटतो, पण तो जिवाचा प्रश्न आहे. नगर-मनमाड रस्त्याची अवस्था मी सांगायला हवी का? त्याच रस्त्याच्या कडेनं, पांढऱ्या पट्टीच्या आत-बाहेर, साईबाबांच्या पालख्या घेऊन माणसं शिर्डीला पायी जातात. सप्टेंबरमध्ये हरेगावला मतमाऊलीच्या यात्रेला लोक पायी येतात. निवृत्तिनाथांची पालखी राहुरी-नगर-मिरजगाव करत पंढरपूरला जाते. ऊसतोडीच्या हंगामात पहाटेच्या अंधारात बाया-माणसं फडावर चालत निघतात. या सगळ्यांना आपण काय दिलंय? डांबराच्या कडेची एक फूट घसरडी साइडपट्टी आणि अंगावर येणारे ट्रक. जीव गेला की मी बातमी लावतो, तुम्ही 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिता, संपलं.

गाडीवाल्यांसाठी समृद्धी महामार्ग होऊ शकतो, तर चालणाऱ्यासाठी सहा पावलं रुंदीची पट्टी, तीही आधीच भराव घातलेली, राखता येत नाही?

हे फक्त आपलंच दुखणं नाही. पाचोरा-जामनेरची छोटी गाडी, ५६ किलोमीटरची, २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती पुन्हा धावली नाही. तिथे रुंदीकरणाची योजना तरी आहे. विदर्भातली शकुंतला, यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर, १९९४ पर्यंत वाफेवर चालली, आता रुळांवर झुडपं वाढलीत. तिथले लोक मात्र अजून आंदोलनं करतात, त्यांना सलाम. बार्शी लाइटचं बघा. १८९७ ला सुरू झालेली ती छोटी लाइन पुढे मिरजेपासून लातूरपर्यंत मोठी झाली. का होऊ शकली? कारण बरीचशी पट्टी शाबूत होती. रस्ता थोडा वळवून धाराशिव शहरही जोडून घेता आलं. पट्टी हातात असली की शंभर वर्षांनी का होईना, उपयोगी पडते. नसली की निवेदनंच देत बसायचं.

कोळशाच्या खाणींचंही तेच. आपल्या जिल्ह्याखाली काळा पाषाण, इथे कोळसा नाही. पण चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याला रेल्वे गेली ती कोळशासाठी, आणि १९०६ मध्ये ती खाण बंद झाली. खाण काय आणि साखर कंपनीचा मळा काय, दोन्हीकडे गोष्ट एकच. कंपनी येते, रूळ येतात, चाळी उभ्या राहतात, माणसं आणून वसवली जातात. मग एक दिवस भोंगा बंद होतो. मालक हिशोब करून निघून जातो. मागे उरतात चाळीतली माणसं आणि रुळाखालची माती, आणि दोघांनाही कागदावर जागा नसते.

जर्मनीत एसेन शहरात त्सोल्फेराइन नावाची प्रचंड कोळसा खाण १९८६ मध्ये बंद पडली. त्यांनी ती पाडली नाही. २००१ मध्ये ती जागतिक वारशात गेली, आणि तिच्या मालगाडीच्या वाटांवरून आज लोक चालतात, सायकली चालवतात. स्पेननं १९९३ पासून बंद रेल्वेमार्गांचे 'हिरवे रस्ते' करायला घेतले, ते आज तीन हजार किलोमीटरच्या वर आहेत. अमेरिकेनं १९८३ मध्ये कायदाच केला, की बंद मार्ग चालण्यासाठी वापरा, पण पट्टी मोडू नका, उद्या रेल्वेला लागली तर परत देता आली पाहिजे. मला हा विचार फार शहाणपणाचा वाटतो. ब्रिटननं उलट केलं. १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर हजारो किलोमीटर मार्ग बंद केले, कितीतरी ठिकाणी जमीन विकून टाकली. ऑक्सफर्ड ते केंब्रिज लाइन १९६७ मध्ये मोडली, आणि आता तीच लाइन पुन्हा उभारायला बसलेत. वाटेत बांधकामं झालेली, म्हणून काही भागात मार्ग नव्यानं आखावा लागतोय. साहेबानं पैसे मोजून शिकलेला धडा आपल्याला फुकट मिळतोय, तरी आपण घेत नाही.

आता आक्षेपांकडे. काही आक्षेप खरोखर वजनदार आहेत, ते टाळून पुढे जाणं बरं नाही.

पहिला आक्षेप खंडकरी शेतकऱ्याचा. "माझ्या आजोबाची जमीन कंपनीनं घेतली, तिच्यावर रूळ टाकले. आता रूळ गेले तर जमीन माझी." बरोबर आहे. ज्याचा कायदेशीर हक्क सिद्ध होतो त्याला जमीन आधी मिळाली पाहिजे. एवढी वर्षं ज्यांनी कोर्ट-कचेऱ्या केल्या त्यांच्या पदरातून काढून मला फिरायला वाट नकोय. तिथे त्याच्या संमतीनं, मोबदला देऊन, नुसता वहिवाटीचा हक्क राहू द्यावा. पण जी पट्टी आजही सरकारची, महामंडळाची किंवा रेल्वेची आहे, तिथे तरी कुणाची परवानगी हवीय?

दुसरा आक्षेप कामगारांचा. महामंडळाच्या जुन्या चाळींत पडक्या भिंतींआड आजही कुटुंबं राहतात. दोन गुंठे घराच्या जागेसाठी त्यांची मागणी किती जुनी आहे ते इथल्या लोकांना माहीत आहे. 'वारसा जपा' म्हणत बुलडोझर आणून त्यांची घरं पाडायची असतील, तर या पोस्टशी माझा संबंध नाही असं समजा. ऊस वाघिणीत भरणारे हात त्यांच्याच घरातले होते. या वारशाचे पहिले वारस तेच. आधी त्यांच्या नावावर जागा करा, मग बाकीचं बोलू.

तिसरा आक्षेप, "हे सगळं इंग्रजांचं, गुलामीचं, कशाला जपायचं?" भराव इंग्रजांनी टाकला का? इंग्रजानं नकाशा काढला, टोपली आपल्या पणजीच्या डोक्यावर होती. घाम आपला, जमीन आपली, म्हणून वारसाही आपलाच.

आणि एक चिमटा आपल्याच लोकांना. हल्ली बंद स्टेशनांवर, पडक्या कारखान्यांवर रील करणाऱ्यांची फौज झालीय. ड्रोन वर, मागे उदास गाणं, 'गेले ते दिवस'. दादांनो, लाखभर लोकांनी बघितलं, छान. पण त्यातल्या एकानं तरी त्या जागेचा गट नंबर विचारला का? हळहळून जमीन वाचत नाही, नोंद झाली तर वाचते. तुमच्याकडे कॅमेरा आहे, पाय आहेत, वेळ आहे. चालत जा आणि मोजा. जिथे भराव शाबूत तिथे फोटो, जिथे तुटलाय तिथे तारखेसकट फोटो. चालणं म्हणजे नुसती हौस नाही, तो पंचनामा आहे.

एक सूचना मात्र काळजीपूर्वक वाचा. चालू लाइनवर पाऊल ठेवायचं नाही. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार तो गुन्हा आहे, कैद आणि दंड दोन्ही होऊ शकतं, आणि मागून येणारी गाडी कायद्याची वाट बघत नाही. बंद कारखान्याच्या आवारातही परवानगीशिवाय जाऊ नका, जुन्या विहिरी आणि हौद उघडे असतात. उभ्या पिकातून जायचं नाही. मालक दिसला तर राम राम करा, विचारा. निम्म्याहून जास्त माहिती मला अशा बांधावरच्या बोलण्यातच मिळालीय.

मागण्या चारच आहेत, आणि एकीलाही शेकडो कोटी लागत नाहीत.

एक, जिल्हाधिकारी कार्यालयानं जिल्ह्यातल्या सगळ्या बंद रेल्वे आणि उसाच्या लाइनींच्या पट्ट्यांची गावनिहाय, गटनिहाय यादी करावी. मालक कोण, ताबा कुणाचा, अतिक्रमण कुठे, हे सगळं त्यात यावं आणि यादी लोकांना बघायला मिळावी.

दोन, ही यादी होईपर्यंत यातल्या कुठल्याही सरकारी किंवा महामंडळाच्या तुकड्याचं वाटप, विक्री, भाडेपट्टा करू नये. अतिक्रमण काढायचंच असेल तर आधी प्लॉटिंगवाल्यांचं. बांधाशेजारी दोन तास जास्त नांगरणाऱ्या गरिबाचं सगळ्यात शेवटी.

तीन, जिथे पट्टी सलग आणि सरकारी आहे तिथे ती पाणंद किंवा पायवाट म्हणून गावनकाशावर आणावी. पाणंद रस्त्यांसाठी राज्याची योजना आहेच. वापरातली वहिवाटीची वाट कुणी अडवली तर तहसीलदाराला १९०६ च्या मामलतदार न्यायालय कायद्याखाली ती मोकळी करता येते. नवा कायदा नको, आहे तो वापरा.

चार, दौंड-मनमाड दुहेरीकरणाच्या कामात जुनी दगडी क्वार्टर्स, मोऱ्या, धक्के निकामी ठरतात. ते पाडण्याआधी निदान नोंद आणि मोजमाप व्हावं, आणि जे टिकाऊ आहे ते ग्रामपंचायतीला वापरायला द्यावं. वाचनालय करा, अंगणवाडी करा.

आणि आपण काय करायचं? येत्या ग्रामसभेत हा विषय लेखी द्या. दोन ओळींचा ठराव पुरे: "आमच्या गावच्या हद्दीतील जुन्या रेल्वे लाइनीची मोजणी करून ती गावनकाशावर दाखवावी." ठराव झाला की कागद झाला, आणि कागद झाला की उद्या कुणी 'माहिती उपलब्ध नाही' म्हणू शकत नाही. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, लाइन कुठून कुठे जायची. ही माहिती असलेली पिढी ऐंशीच्या पुढे गेलीय. रूळ कधीच गेले, पट्टी जातेय, आणि ज्यांना ती आठवते ती माणसंही दर वर्षी कमी होताहेत.

तुमच्या शिवारात अशी पट्टी, मोरी, भराव, काहीही असेल तर गावाचं नाव आणि फोटो खाली टाका. शेतमालकाचं नाव टाकू नका, उगाच कुणाला त्रास नको. जमेल तितकी यादी मी एकत्र करतो आणि छापील प्रत घेऊन स्वतः जिल्हाधिकारी कार्यालयात देतो. पोच मिळाली की तिचाही फोटो इथेच टाकीन.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली भांडा, पण आधी एकदा चालून या.